‘अनचेन्ड मेलडी’ नेमके कोणाचे? : गाणी ऐकवणाऱ्या एका अ‍ॅपची परीक्षा

गाणी ऐकवणाऱ्या एका अ‍ॅपची वर्षभराची वर्गणी मी गेल्या दिवाळीत भरली. मुदत संपायला आता महिनाभर उरला आहे, आणि पुन्हा पैसे भरावेत की नाही हे ठरवण्याआधी त्याची नीट परीक्षा घ्यावी असे मनात आले. अशा सेवांची परीक्षणे बहुधा गाणी किती कोटी आहेत, आवाज किती स्वच्छ आहे आणि जाहिराती किती छळतात एवढ्यावर आटोपतात. मला ते पुरेसे वाटत नाही. शितावरून भाताची परीक्षा करतात, तसे मी एकच गाणे निवडले आणि त्याच्या जेवढ्या ध्वनिमुद्रणांपर्यंत हे अ‍ॅप मला नेऊ शकले तेवढी सगळी तीन आठवडे ऐकली. गाणे होते ‘अनचेन्ड मेलडी’. सेवेचे नाव मी मुद्दाम देत नाही. येथे नोंदवलेल्या तक्रारी माझ्या एकटीच्या अनुभवातल्या आहेत, आणि त्यांतल्या निम्म्याअधिक या धंद्यातल्या सगळ्यांनाच थोड्याफार लागू पडतील असा माझा संशय आहे.

हेच गाणे निवडण्याला घरचे कारण आहे. माझा थोरला भाऊ १९९१ साली मस्कतहून सुट्टीवर आला तेव्हा त्याच्या बॅगेत इंग्रजी प्रेमगीतांची एक कॅसेट होती. ‘घोस्ट’ या चित्रपटाची चर्चा तेव्हा ताजी होती आणि त्यातले कुंभाराच्या चाकावरचे दृश्य आमच्या घरात मोठ्यांसमोर पाहण्याजोगे मानले गेले नव्हते. गाणे मात्र ऐकायला हरकत नव्हती. दादाने ती कॅसेट इतक्या वेळा मागे फिरवून वाजवली, की त्या एका जागी टेप ताणली गेली आणि गायकाचा आवाज किंचित डगमगू लागला. आम्हाला तो डगमगणारा आवाजच पाठ झाला. कॅसेटच्या कागदावर गाण्याचे आणि गाणाऱ्या जोडीचे नाव होते, लिहिणाऱ्याचे आणि चाल बांधणाऱ्याचे नव्हते. ती कोण असतील, असा प्रश्नही तेव्हा कोणाला पडला नाही. ही गोष्ट तशी लाजिरवाणीच, कारण त्याच घरात सकाळी आकाशवाणी लागलेली असे आणि कवी कोण, संगीत कोणाचे आणि गाणार कोण ही तिन्ही नावे सांगितल्यावाचून तेथे भावगीत सुरू होत नसे.

मूळ गाणे १९५५ सालच्या ‘अनचेन्ड’ नावाच्या अमेरिकन चित्रपटातले आहे. कॅलिफोर्नियातील चिनो येथील, फारसा कडक पहारा नसलेल्या तुरुंगाची ती कथा आहे. दिग्दर्शक हॉल बार्टलेट आणि मुख्य भूमिकेत एलरॉय हर्श हा त्या काळचा गाजलेला अमेरिकन फुटबॉलपटू. चित्रपट आज कोणाच्या फारसा लक्षात नाही. त्यात एक कैदी गिटारच्या साथीवर हे गाणे म्हणतो. ती भूमिका करणारा टॉड डंकन हा साधासुधा पार्श्वगायक नव्हे. १९३५ साली जॉर्ज गर्शविनच्या ‘पोर्गी अँड बेस’ या ऑपेरात पोर्गीची भूमिका रंगभूमीवर प्रथम साकारणारा तो गायक. म्हणजे ज्या गाण्याला आपण पुढे प्रेमगीतांचा मेरुमणी करून बसवले, ते मुळात बराकीतल्या माणसाचे, घरी वाट पाहणाऱ्या व्यक्तीला उद्देशून म्हटलेले गाणे आहे. काळ फार सावकाश सरतो आहे, एवढ्या अवधीत बरेच काही होऊन जाऊ शकते, तू अजून माझीच आहेस ना, असा त्यातला प्रश्न आहे. तुरुंगाची भिंत डोळ्यांसमोर ठेवून तो ऐकला की त्याची धार वेगळीच लागते. आपल्या लग्नाच्या स्वागतसमारंभात वाद्यवृंदाने हे गाणे धरले की मला नेहमी तो कैदी आठवतो आणि मी हातातली आइस्क्रीमची वाटी खाली ठेवते.

चाल अ‍ॅलेक्स नॉर्थ यांची. ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’ आणि ‘स्पार्टाकस’ या चित्रपटांचे संगीत ज्यांनी दिले तेच हे नॉर्थ. ऑस्करसाठी त्यांना १५ नामांकने मिळाली, त्यांतले एक याच गाण्यासाठी होते, पण पुरस्कार एकदाही मिळाला नाही. अखेर १९८६ साली अकादमीने त्यांना मानद ऑस्कर दिले आणि हा मान मिळालेले ते पहिले संगीतकार ठरले. शब्द हाय झारेट यांचे. नॉर्थनी गीतासाठी दूरध्वनी केला तेव्हा झारेट यांनी आधी नकार दिला होता, कारण ते आपल्या घराला रंग देण्यात गुंतले होते. ही हकिगत मला फार आवडते. नंतर त्यांनी शब्द लिहिले, पण चित्रपटाचे नाव गाण्यात घालावे ही निर्मात्यांची अपेक्षा काही पुरी केली नाही. ‘अनचेन्ड’ म्हणजे बंधमुक्त हा शब्द गाण्यात कोठेच नाही, तो केवळ शीर्षकात आहे. ‘अनचेन्ड’मधली चाल एवढाच त्या शीर्षकाचा सरळ अर्थ. याच झारेट यांनी दुसऱ्या महायुद्धातील फ्रेंच प्रतिकाराच्या एका गाण्याला इंग्रजी शब्द दिले, जे पुढे गायक लेनर्ड कोहेन यांच्यामुळे जगभर गेले, आणि मुलांसाठी सूर्य का तळपतो यासारख्या विज्ञानविषयांवरही गाणी लिहिली. वयाच्या शंभरीला दोन महिनेही उरले नसताना, जुलै २००७ मध्ये ते वारले.

या गीताच्या कर्तृत्वावर हक्क सांगणारा आणखी एक माणूस होता. पेशाने अभियंता असलेल्या त्या गृहस्थाचे म्हणणे असे, की आपण हे शब्द १९३६ साली किशोरवयात लिहिले आणि ‘हाय झारेट’ हे आपले टोपणनाव आहे. टोपणनावाचा दावा करायचा तर तो निदान एखाद्या काल्पनिक नावावर करावा. येथे त्या नावाचा माणूस हयात होता, व्यवसायाने गीतकार होता आणि त्याच्या नावावर इतरही गाणी होती. वादाचा निकाल अर्थातच खऱ्या झारेट यांच्या बाजूने लागला आणि मानधन त्यांनाच मिळत राहिले. तरीही ही कथा अधूनमधून डोके वर काढते, आणि त्याचे कारण माझ्या मते उघड आहे : गाणे घराघरात पोहोचले, पण गीतकाराचे नाव पोहोचले नाही. रिकाम्या पाटावर कोणीही येऊन बसू शकतो.

आता या कसोटीवर अ‍ॅप पाहू. गाणे वाजत असताना पडद्याच्या कोपऱ्यातील तीन ठिपक्यांवर बोट ठेवायचे, उघडणाऱ्या लांबलचक यादीत खाली सरकत जायचे, आणि ‘मित्राला पाठवा’, ‘रांगेत घाला’, ‘झोपेची वेळ लावा’ अशा सूचना ओलांडल्यावर जवळजवळ तळाशी ‘श्रेय’ हा शब्द येतो. तेथपर्यंत पोहोचणारा श्रोता शंभरात एखादा असेल. मी ऐकलेल्या ४१ ध्वनिमुद्रणांपैकी २६ ठिकाणी नॉर्थ आणि झारेट ही दोन्ही नावे नीट दिलेली आढळली. नऊ ठिकाणी एकच नाव होते, तेही बहुधा आद्याक्षर आणि आडनाव एवढेच. चार ठिकाणी रकाना कोरा होता. उरलेल्या दोन ठिकाणी ‘पारंपरिक’ असे लिहिले होते. संगीतकाराला जाऊन चार दशकेही झालेली नसताना त्याच्या चालीला पारंपरिक ठरवून मोकळे होणे हा निष्काळजीपणाच आहे, आणि त्याचा संबंध केवळ मानापमानाशी नाही. गाण्याच्या प्रत्येक वादनातून निघणाऱ्या पैशाचे दोन प्रवाह असतात : एक ध्वनिमुद्रणाच्या मालकाकडे आणि त्याच्यामार्फत गायकाकडे जाणारा, दुसरा शब्द आणि चाल यांच्या मालकाकडे जाणारा. गाणे कोणीही गावो, दुसरा प्रवाह नॉर्थ आणि झारेट यांच्या वारसांकडेच वळायला हवा. श्रेयाच्या रकान्यात ‘पारंपरिक’ लिहिणे म्हणजे त्या पाटावर मातीचा बांध घालणे.

गाण्याच्या जन्मसालाबाबत मात्र अ‍ॅपने मला सुखद धक्का दिला. १९५५ च्या एकाच हंगामात या गाण्याची इतकी ध्वनिमुद्रणे निघाली, की कोणते आधीचे आणि कोणते नंतरचे हा भेदच निरर्थक ठरावा. लेस बॅक्स्टर यांचे वाद्यवृंद आणि समूहस्वर घेऊन केलेले ध्वनिमुद्रण अमेरिकेत विक्रीत पहिल्या क्रमांकावर गेले. अल हिबलर यांचे तिसऱ्या आणि रॉय हॅमिल्टन यांचे सहाव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. ब्रिटनमध्ये जिमी यंग पहिल्या क्रमांकावर होते, आणि एका टप्प्यावर पहिल्या विसांत या एकाच गाण्याची चार निरनिराळी ध्वनिमुद्रणे एकाच वेळी होती. तेव्हाची पद्धतच तशी होती. गाणे ही प्रकाशकाची वस्तू होती, ते अमक्याच गायकाचे अशी कल्पना रुजलेली नव्हती, आणि चाल चांगली निघाली की प्रत्येक कंपनी आपापल्या गायकाकडून ती गाऊन घेई. म्हणून ‘कव्हर’, म्हणजे आधी एकाने गायलेले गाणे पुन्हा गाऊन केलेले ध्वनिमुद्रण, हा शब्द त्या काळासाठी मी जपूनच वापरते.

ही सगळी ध्वनिमुद्रणे अ‍ॅपवर आहेत, आणि त्यांतले हिबलर यांचे ऐकण्यासाठी तरी वाचकांनी वेळ काढावा. हिबलर अंध होते आणि ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदात अनेक वर्षे गात होते. ते ओळीचा शेवटचा शब्द किंचित दाबून, जवळजवळ बोलल्यासारखा सोडतात, जणू पुढचे सांगायचे राहून गेले आहे. हॅमिल्टन यांचा आवाज चर्चमध्ये तयार झालेला, भरदार. ते गाणे हळूहळू चढवत नेतात आणि शेवटी छप्पर उडवतात. पुढे दहा वर्षांनी जे घडले त्याचे बी हॅमिल्टन यांच्या त्या शेवटात आहे असे मला वाटते. बॅक्स्टर यांचे ध्वनिमुद्रण मात्र आज ऐकवत नाही. जुन्या हॉटेलच्या लॉबीत बसल्यासारखे वाटते.

१९६५ चे, राइचस ब्रदर्स या अमेरिकन गायकजोडीच्या नावावरचे ध्वनिमुद्रण हा या परीक्षेचा खरा पेपर होता. हे नाव घेतले की दोन भाऊ डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात बिल मेडली आणि बॉबी हॅटफील्ड यांचे काही नाते नव्हते, आणि या गाण्यात दोघे मिळून गातही नाहीत. ते एकट्या हॅटफील्ड यांचे गाणे आहे. तबकडीच्या दर्शनी बाजूला दुसरेच गाणे होते आणि हे मागच्या बाजूला भरतीला टाकलेले. रेडिओवरच्या निवेदकांनी तबकडी उलटून हेच लावायला सुरुवात केली आणि ते अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत गेले. निर्माता कोण, यावरही दुमत आहे. कंपनी फिल स्पेक्टर यांची, दर्शनी बाजूही त्यांनीच केलेली. पण सुरुवातीच्या तबकड्यांवर या बाजूसाठी मेडली यांचे नाव छापले होते, गाणे गाजल्यावर निघालेल्या तबकड्यांवर ते जाऊन स्पेक्टर यांचे आले. आपण निर्मिती केली हे मेडली सतत सांगत आले आहेत. अ‍ॅप येथे स्पेक्टर यांचे एकट्याचे नाव दाखवते, आणि गायकाच्या जागी जोडीचे. म्हणजे शब्दकार आणि संगीतकार मिळाले, पण प्रत्यक्ष गाणारा माणूस श्रेयनामावलीत कोठेही नाही. हॅटफील्ड हे आडनाव मला त्या संपूर्ण पडद्यावर सापडले नाही.

आणि त्यांनी काय करून ठेवले आहे! पहिली दोन कडवी ते साधी, चाल आहे तशी गातात. मधला अंतरा, नद्या समुद्राकडे वाहत जातात तो, जरा वर उचलतात आणि पुन्हा खाली येतात. मग शेवटी ‘मला तुझे प्रेम हवे आहे’ या अर्थाची ओळ येते. आधीच्या गायकांनी ती सांभाळून घेतलेली आहे. हॅटफील्ड मात्र तेथे चाल सोडून एकदम वरच्या सप्तकात झेप घेतात. आवाज फाटेल असे वाटते आणि तो फाटत नाही. ही जागा मूळ चालीत नाही. मेडली यांनी सांगितलेली हकिगत अशी, की ध्वनिमुद्रण झाल्यावर हॅटफील्ड यांनी परत जाऊन तेवढी ओळ नव्याने गायली. आपल्याकडे गायकाने अशी एखादी जागा घेतली आणि पुढे प्रत्येकाने तीच घ्यायला सुरुवात केली, की ती चालीचाच भाग बनून जाते. येथेही तसेच झाले. १९६५ नंतरचा क्वचितच एखादा गायक या झेपेला सामोरा जाणे टाळतो, आणि जो टाळतो त्याचे गाणे ‘चुकले’ असे श्रोत्यांना वाटते. मग या गाण्याचे कर्ते दोन की तीन? कायद्याच्या दृष्टीने दोनच. माझा कान मात्र तिसऱ्याचेही नाव घेतो.

आता दुहेरी घोळ. १९९० साली ‘घोस्ट’मध्ये १९६५ चे ध्वनिमुद्रण वापरले गेले आणि गाण्याला दुसरा जन्म मिळाला. संगीतकार मॉरिस जार यांनी चित्रपटाच्या पार्श्वसंगीतातही नॉर्थ यांची चाल गुंफली आहे. मागणी प्रचंड, पण जुन्या ध्वनिमुद्रणाचे हक्क एका कंपनीकडे आणि हयात गायक दुसऱ्या कंपनीच्या दारात. अमेरिकेत जुन्याच्या सुट्या प्रती बाजारात फारशा नव्हत्या. तेव्हा पन्नाशीच्या हॅटफील्ड यांनी तेच गाणे नव्याने गायले आणि त्याची कॅसेट निघाली. परिणाम असा, की रेडिओवर वाजणारे जुने आणि दुकानात विकले जाणारे नवे अशी एकाच जोडीची, एकाच गाण्याची दोन ध्वनिमुद्रणे अमेरिकेच्या पहिल्या विसांत एकाच वेळी दाखल झाली. जुने १३ व्या क्रमांकापर्यंत गेले, नवे १९ व्या. ब्रिटनमध्ये जुनेच पहिल्या क्रमांकावर गेले आणि त्या वर्षी तेथे सर्वाधिक खपलेली सुटी तबकडी ठरले.

अ‍ॅपवर ही दोन्ही आहेत, शिवाय थेट कार्यक्रमांतलीही. शोधताना मात्र सगळ्यांपुढे तेच शीर्षक, तेच नाव, आणि संग्रहागणिक बदलणारे एखादे सूर्यास्ताचे चित्र. ज्या संग्रहात गाणे घातले त्या संग्रहाचे साल गाण्याचे म्हणून दाखवले जाते, त्यामुळे १९६५ चे गाणे २००६ चे दिसते आणि १९९० चे १९९९ चे. ‘पुनर्मुद्रित’ आणि ‘पुन्हा गायलेले’ यांतला फरक तर कोठेच केलेला नाही. पहिल्या अर्थी जुनी टेप स्वच्छ केलेली असते, दुसऱ्या अर्थी माणूस पुन्हा माइकसमोर उभा राहिलेला असतो. हा फरक लपवणे म्हणजे कोकणातल्या हापूसच्या पेटीत दुसऱ्याच मुलखातला आंबा भरण्यासारखे आहे. तो आंबा गोड असेलही, पण पेटीवर काय लिहिले आहे?

फरक कानाने कसा ओळखावा, तेवढे मात्र सांगते. १९६५ च्या गाण्यात आवाज आणि वाद्ये एकाच मोठ्या, घुमणाऱ्या खोलीत असल्यासारखी वाटतात. कडा विरघळलेल्या, आणि शेवटच्या झेपेच्या वेळी वाद्यमेळ आवाजाला जवळजवळ गिळायला येतो. १९९० च्या गाण्यात प्रत्येक वाद्य वेगळे ऐकू येते, ढोलाचा ठोका कोरडा आणि काटेकोर आहे, आणि आवाज अगदी पुढे, तोंडाजवळ. वरची झेप हॅटफील्ड तेथेही घेतात, सूरही बरोबर लागतो. फक्त तेथे पोहोचण्याआधी ते क्षणभर श्वास भरतात तो ऐकू येतो. चांगले हेडफोन असतील तर त्या एका श्वासावर दोन्ही गाणी वेगळी काढता येतात. अ‍ॅपच्या आवाजाच्या दर्जाला मी येथे मोकळेपणाने दाद देते. फोनच्या स्पीकरवर हा श्वास मला कधीच ऐकू आला नव्हता.

हे लक्षात आल्यावर मी दादाकडे गेले. तो आता निवृत्त होऊन साताऱ्याला असतो. त्याची कॅसेट अजून कपाटात आहे, वर रबरबँड लावलेली. मी त्याला आधी काही न सांगता फोनवर १९६५ चे गाणे लावून दिले. त्याने डोळे मिटून पहिले कडवे ऐकले आणि म्हणाला, “छान आहे गं, पण हे आपलं नव्हे.” मग १९९० चे लावले. पहिल्या चार ठोक्यांतच त्याचा हात मांडीवर ताल धरू लागला. “हे. फक्त ते मधे हलायचं, तसं हलत नाही आता.” टेप ताणली गेली होती ती जागा तो शोधत होता. म्हणजे इतकी वर्षे आम्ही ज्याला ‘ओरिजिनल’ म्हणून डोक्यावर घेतले होते ते पन्नाशीच्या माणसाने केलेले स्वतःच्याच गाण्याचे कव्हर होते, आणि ‘घोस्ट’च्या पडद्यावर वाजलेले गाणेही ते नव्हे. दादाला याचे काडीचेही वाईट वाटले नाही. मला वाटले, पण थोडेसेच.

एल्विस प्रेस्लीच्या ध्वनिमुद्रणांबाबत अ‍ॅपने चांगली कामगिरी केली आहे, बहुधा त्याच्या चाहत्यांच्या धाकाने. २४ एप्रिल १९७७ रोजी मिशिगनमधील अ‍ॅन आर्बर येथील कार्यक्रमात गायलेले, नंतर त्यात जादा वाद्ये भरून त्याच्या हयातीतल्या शेवटच्या संग्रहात घातलेले एक, आणि २१ जून १९७७ रोजी साउथ डकोटातील रॅपिड सिटी येथले दुसरे, अशी दोन्ही तारखांसह वेगवेगळी मिळतात. दुसऱ्याचे चित्रीकरणही उपलब्ध आहे. एल्विस स्वतः पियानोवर बसला आहे, चेहरा सुजलेला, घामाने निथळणारा, आणि शेजारी एक सहकारी त्याच्या तोंडाशी माइक धरून उभा आहे. तो वर चढतो तेव्हा नेमका किती जोर उरला आहे याचा अंदाज घेत चढतो. बरोबर आठ आठवड्यांनी, १६ ऑगस्टला, तो गेला. संगीताच्या शुद्धतेने तोलले तर हे हॅटफील्डच्या जवळपासही जाणार नाही. तरी बराकीतल्या कैद्याच्या सर्वांत जवळ कोण गेले असे मला कोणी विचारले, तर मी याच्याकडेच बोट दाखवीन.

त्यापुढची यशस्वी ध्वनिमुद्रणे मी कर्तव्य म्हणून ऐकली. एका दूरचित्रवाणी मालिकेत सैनिकांच्या भूमिका करणाऱ्या रॉब्सन ग्रीन आणि जेरोम फ्लिन या नटांनी मालिकेत हे गाणे म्हटले आणि १९९५ साली ते ब्रिटनमध्ये सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. २००२ मध्ये एका गायनस्पर्धेतला उपविजेता गॅरेथ गेट्स यानेही तो क्रमांक गाठला. चार वेगवेगळ्या आवाजांत ब्रिटनच्या शिखरावर चढलेले हे गाणे आहे. यांतल्या शेवटच्या दोघांनी हॅटफील्डची झेप घेतली, पडले नाहीत, आणि त्यापलीकडे काही घडलेही नाही. विली नेल्सन यांनी १९७८ साली ते अजिबात न चढवता, ओसरीवर बसून सांगावे तसे गायले आहे. ते मात्र ऐकाच.

खरी डोकेदुखी यानंतरच्या थरात आहे. शोधयादीत दहाव्या-बाराव्या जागेपासून ‘अमक्याच्या शैलीत’, ‘कराओके’, ‘झोपेसाठी पियानो’ अशांची रांग लागते, आणि त्यांतली काही मुद्दाम मूळ गायकासारखा आवाज काढून केलेली आहेत. आपल्या प्रताधिकार कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कव्हर ध्वनिमुद्रणासाठी कलम ३१-सी आले. त्यानुसार मूळ ध्वनिमुद्रणानंतर पाच कॅलेंडर वर्षे जावी लागतात, मूळ हक्कदाराला आगाऊ मानधन द्यावे लागते, हे कव्हर आहे असे वेष्टनावर लिहावे लागते, आणि श्रोत्याचा गैरसमज होईल असे वेष्टन वापरता येत नाही. नियम शहाणपणाचा आहे, पण तो तबकडी आणि कॅसेटच्या वेष्टनाचा विचार करून लिहिलेला दिसतो. अ‍ॅपवर वेष्टन म्हणजे नखाएवढे चित्र. त्यावर सूर्यास्त आणि हातात हात घातलेली जोडी असली की काम भागते. मूळ गाण्याच्या नावाने शोध घेतला तर आधी मूळ, मग कव्हर, मग नकला अशी उतरंड लावणे या कंपन्यांना तांत्रिकदृष्ट्या जड जाईल असे मला वाटत नाही.

बाकीचे चटकन सांगते. जाहिराती नाहीत. गाणी उतरवून घेता येतात, त्यामुळे सातारा-पुणे एसटीत खंबाटकीच्या बोगद्यातही गाणे तुटत नाही. पाच जणांच्या घरासाठी घेतली तर वर्गणी माणशी एका मसाला डोशाएवढी पडते. गाण्याचे नाव देवनागरीत लिहून शोधले तर ‘अनचेन्ड’ ऐवजी मला तीन वेळा हनुमान चालिसा मिळाली. पहिल्यांदा हसू आले. ‘पारंपरिक’ लिहिलेल्या त्या दोन नोंदींबद्दल आणि हॅटफील्डच्या गाळलेल्या नावाबद्दल मी रीतसर तक्रार केली, तेव्हा ‘तुमचे मत आमच्यासाठी मोलाचे आहे’ असे उत्तर अर्ध्या मिनिटात आले आणि त्यानंतर गेले सोळा दिवस काहीही आलेले नाही. आवाज आणि साठा यांना पाचपैकी साडेचार, श्रेयाच्या व्यवस्थेला दीड. वर्गणी मी पुन्हा भरणार आहे, पण वर्षाची न भरता महिन्याची भरीन.

दरम्यान मी माझी यादी स्वतःच तयार केली आहे. अ‍ॅपमध्ये यादीला वर्णन जोडण्याची सोय आहे, तेवढ्या जागेत प्रत्येक ध्वनिमुद्रणाचे खरे साल आणि गाणाऱ्याचे नाव लिहिले, आणि अगदी वर : शब्द हाय झारेट, संगीत अ‍ॅलेक्स नॉर्थ. दादाला ती पाठवली. त्याने फक्त १९९० चे तेवढे ऐकले, असे त्याच्या खात्यावरून दिसते. यादीतली पहिली जागा मी टॉड डंकनसाठी रिकामी ठेवली होती. तीन आठवडे शोधूनही तो या अ‍ॅपवर मला सापडलेला नाही.